आपली गाणी वाजवायला रात्र कुठे होती?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आंबोलीत ही व्याख्यानमाला चालते ते पेटीवाले होते आणि दशावताराला साथ करायचे. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मुंबई-गोव्यातल्या जाझ आणि रॉक बँडविषयी बोलणं काहींना विचित्र वाटेल. मला ते तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण दशावतारातच आहे.

आपल्याकडे कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात. दशावताराच्या कंपनीकडे छापील संहिता नसते. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि पेटी, मृदंग, झांज यांच्या साथीवर कलावंत उभ्या उभ्या संवाद रचतात. म्हणजे नवं काही रचणं हाच तिथला धंदा. आणि त्या रचण्यासाठी गावोगावच्या देवळासमोर एक एक रात्र राखून ठेवलेली असते. त्या रात्रीचा मोबदला ठरलेला असतो, मग पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रात नाव येवो न येवो. दशावताराला फार मोठी प्रतिष्ठा मिळाली असं मी म्हणणार नाही. कलावंतांचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. पण रात्र मिळाली. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांना कौतुक मिळालं, स्पर्धेचे चषक मिळाले, फक्त अशी रात्र मिळाली नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचा तासभर त्याचे दाखले.

सुरुवात घाटाखालून करू, गोव्यापासून. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. व्हायोलिन हातात धरायच्या आधी सोल्फेज, म्हणजे स्वर नावांनी गाणं, घोकून घेणारे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, गावागावांत होते. नोकऱ्या मात्र गोव्यात नव्हत्या. म्हणून ही मुलं मुंबईला गेली, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे सामायिक वसतिघरांत, राहिली, आणि हॉटेलांत, नाचघरांत, सर्कशीत आणि मूकपटांच्या पडद्यासमोर वाजवू लागली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतलाच एक. ट्रम्पेट वाजवायचा, आणि मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी त्याला हाताशी धरलं. १९५१ च्या 'अलबेला'त जो बेफाम झोत आहे त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. त्यातल्या एका गाण्यात त्याचा बँड चक्क पडद्यावरही दिसतो. त्या चित्रपटातली भगवानदादांची पावलं गणपतीच्या मिरवणुकीतून आजही चालतात. त्या पावलांखालचं ट्रम्पेट कुणाचं, हे किती जणांना माहीत आहे?

चित्रपटाने या लोकांना पोटभर अन्न दिलं, हे विसरता येणार नाही. पण चित्रपटात संगीतकाराचं नाव एकट्याचं. ज्याने त्या चालीला व्हायोलिनांच्या रांगा आणि ट्रम्पेटच्या फेका जोडल्या, कागदावर उतरवल्या, त्याचं नाव तबकडीवर छापायची पद्धत नव्हती. सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही नावं आज अभ्यासकांपुरती उरली आहेत.

आणि अँथनी गोन्साल्विस. हे नाव उच्चारलं की सभागृहात हसू फुटतं, आत्ताही फुटलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतात ते आठवतं. ते नाव गाण्यात घालणारे प्यारेलाल हे त्या माणसाचे शिष्य. खरा अँथनी गोन्साल्विस गोव्याच्या सासष्टीतल्या माजोर्ड्याचा, जन्म १९२७ चा. वडील चर्चमध्ये गायकवृंद बसवायचे. पोरसवदा वयात मुंबईला आला, नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागला, आणि त्याला आपल्या रागसंगीताचं वेड लागलं. इतर गोवेकर वादकांना राग म्हणजे संगीतकाराने गुणगुणलेली ओळ. याला मात्र प्रश्न पडला, की राग आणि युरोपीय वाद्यवृंदाची स्वरसंगती एका कागदावर मांडता येईल का?

१९५८ साली त्याने इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रागांवर बांधलेल्या रचना, पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मांडणी, आणि ती सगळी लिहून काढलेली. आज कुणी असं काही केलं तर आपण त्याला 'फ्यूजन' म्हणून मोकळे होऊ. गोन्साल्विस मात्र दोन पद्धती एकमेकींवर नुसत्या रचत नव्हता, त्यांचा सांधा शोधत होता, आणि रविशंकरांच्या परदेशी प्रयोगांचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी शोधत होता. प्रयोग टिकला नाही. न टिकायचं कारण साधं आहे. वाद्यवृंदाची तालीम घ्यायची तर शेकड्यात माणसं हवीत, आणि त्या प्रत्येकाचा तालमीचा दिवस म्हणजे चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा बुडालेला दिवस. पैसे कोण देणार? कलेला आश्रय देणारं सरकारी खातं नव्हतं असं नाही, पण त्याच्या खणांत 'शास्त्रीय' होतं आणि 'लोककला' होती. हा माणूस कुठल्या खणात घालणार? १९६५ मध्ये तो अमेरिकेला, सिरॅक्यूजला गेला. परत आला तो माजोर्ड्याला, गावच्या घरात. २०१२ च्या जानेवारीत वारला. आपल्या अशोक राणे यांनी त्याच्यावर माहितीपट केला म्हणून निदान चेहरा तरी शिल्लक आहे. मुख्य प्रवाहात नाव पोचलं, माणूस काठावर राहिला.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेल्या निम्म्या लोकांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मडगावच्या बोर्ड्यातला क्रिस पेरी आणि मुंबईत वाढलेली लॉर्ना. पेरीने जाझच्या झुलत्या तालावर कोकणी शब्द बसवले, आणि लॉर्नाने ते अशा आवाजात म्हटले की दारुड्यावरचं गाणंसुद्धा क्लबातल्या अस्सल जाझसारखं उभं राहिलं. सावंतवाडी-बांद्यापर्यंतच्या लग्नांत ही गाणी वाजतात. घाटमाथा ओलांडला की मात्र त्यांना कुणी ओळखत नाही. भाषेची हद्द ही अशी असते, नकाशात दिसत नाही आणि गाण्याला ओलांडता येत नाही. दोघे वेगळे झाले, लॉर्ना दोन दशकं गप्प बसली, १९९५ मध्ये पुन्हा गाऊ लागली. पेरी २००२ मध्ये गेला. बार्ड्रॉय बार्रेटो यांचा या दोघांवर बेतलेला चित्रपट 'नाचूंया कुंपासार' आला तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी 'विस्मृतीतले कलाकार' असं लिहिलं. विस्मृती कुणाची? गोव्यात तर कुणी विसरलंच नव्हतं.

आता रॉक. १९७० च्या आसपास मुंबईत, कलकत्त्यात, बंगळुरात कॉलेजची पोरं गिटार घेऊन बसली होती. त्यांना सगळ्यांत मोठं व्यासपीठ दिलं एका सिगारेटने. इम्पिरियल टोबॅको कंपनीच्या 'सिमला' सिगारेटच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा भरे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या बँडच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या काळातल्या भारतीय रॉकचा आपल्याजवळचा पुरावा मुख्यतः तेवढाच. नाहीतर नाव राहिलं असतं, आवाज राहिला नसता. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा उघड्यावरचा मेळावा झाला. कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी रॉक! पण पुढच्या वर्षी काय? आपल्या जत्रेचं बळ असं की ती पुढच्या वर्षी त्याच तिथीला येतेच. या मंडळींच्या जत्रेला तिथीच नव्हती.

उरली हॉटेलं आणि डिस्कोथेक. कुलाब्याला 'स्लिप डिस्क' नावाची जागा होती. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असता तिथे जाऊन वाजवून गेले. ही आख्यायिका वाटावी अशी, पण घडलेली गोष्ट आहे. मुंबईची रॉकवाली मंडळी ती पन्नास वर्षं सांगत आली आहेत. मला मात्र तिचा थोडा कंटाळा येतो. पाहुणा येऊन आपल्या ओसरीवर तास दोन तास बसून गेला, यात आपलं कर्तृत्व काय? त्याच शहरात 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' होता, त्याविषयी बोला ना. कीथ कांगाने उभा केलेला बँड, मधुकर चंद्र दासचा आवाज. त्यांची एकच लाँगप्ले निघाली, 'ऑब्सेशन ७७'. इथे ती खपली नाही. पुढे परदेशी संग्राहकांना तिचा सुगावा लागला, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने त्यांचं संगीत पुन्हा बाजारात आणलं. मूळ तबकडीला आता डोळे फिरतील अशी किंमत येते.

तर हा बँड फार थोर होता का? माझं मत मिश्र आहे. तबकडीवर इतरांच्या गाण्यांचा भरणा फार आहे. गाजलेल्या चित्रपटाची धून, इंग्रजांची गाणी. मधेच त्यांचं स्वतःचं काही वाजतं आणि तुम्ही ताठ बसता: अरे, हे कुठून आलं? मग पुन्हा उसनवारी. परदेशी संग्राहक त्यांना 'हरवलेला ठेवा' म्हणतात, त्यात कौतुकाइतकाच बाजारही आहे. मला त्या तबकडीत एक वेगळीच गोष्ट ऐकू येते. नाचायला आलेल्या गिऱ्हाइकाला ओळखीचं हवं असतं, हॉटेलमालकाला गिऱ्हाईक हवं असतं, आणि बँडला महिन्याचा पगार. स्वतःचं गाणं रात्री उशिरा, टेबलं रिकामी झाल्यावर. या सवयीची छाप पुढे तबकडीवरही उमटली.

आता ज्या माणसासाठी मी हा विषय घेतला त्याच्याकडे येतो. नंदू भेंडे.

आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मराठी रंगभूमीच्या ऐन घरातला. आणि हा पोरगा गायला लागला इंग्रजी रॉक, 'वेलव्हेट फॉग' नावाच्या बँडमध्ये. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं तेव्हा अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचा मधुकर ख्रिस्त झाला आणि नंदू जुडास. त्या संगीतिकेत जुडासची गाणी जास्त कठीण आहेत. गळ्याला ओरखडे काढत वर चढायचं आणि सुरात राहायचं. इंग्रजी वर्तुळात त्याचं नाव झालं. इथवर ही गोष्ट मुंबईतल्या इतर रॉक गायकांसारखीच आहे.

वेगळं घडलं १९७८ मध्ये. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने 'तीन पैशांचा तमाशा' केला. ब्रेख्तचं मूळ नाटक, पु. ल. देशपांड्यांची मराठी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. 'घाशीराम कोतवाल' करून बसलेली ही संस्था, तिला वाद्यमेळ आणि नट एका अंगाने कसे हलतात ते पक्कं ठाऊक. आता तिने लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच रंगमंचावर आणलं. नंदू भेंडे त्यात अंकुश झाला, म्हणजे ब्रेख्तचा मॅकहीथ, गुंडांचा राजा. संगीतातही त्याचा हात होता. मराठी शब्द रॉकच्या तालावर म्हटले की सहसा चेंगरतात. आपल्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घाचं वजन वेगळं, आणि रॉकचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतो. नंदूने तो पेच सोडवला होता. शब्द ऐकू येत, अर्थ कळे, आणि तरी ते भावगीताच्या वळणावर जात नसे. ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांच्याशी बोला, ते अजून अंकुशबद्दल बोलतात.

मला विचाराल तर मराठी रॉकचा जन्म तिथे झाला, आणि बारसं व्हायच्या आत विषय संपला. कारण नाटक हे नाटक असतं. पडदा पडला की वाद्यं पेटीत. त्यानंतर मराठीतल्या कुणी ध्वनिमुद्रिका कंपनीने, कुणी गणेशोत्सव मंडळाने, कुणी नाट्यनिर्मात्याने या माणसाला 'आता तुझा बँड घे आणि मराठीत दोन तास गा' असं सांगून त्याच्या मागे वर्षभर उभं राहायला हवं होतं. तेव्हा महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रांचा सुकाळ होता हे लक्षात घ्या. वादकांचे ताफे तालुक्याच्या गावांना जात, मैदानं भरत. पण ऑर्केस्ट्रा म्हणजे चित्रपटगीतांची हुबेहूब नक्कल. जितकी हुबेहूब तितकी टाळी. गाड्या होत्या, ध्वनिक्षेपक होते, तिकीट काढून येणारा श्रोता होता. सगळी व्यवस्था तयार होती, फक्त स्वतःचं गाणं तिच्यात बसत नव्हतं. नंदू भेंडे चित्रपटाकडे वळला. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णाला हाक घालणारं गाणं त्याचं आहे. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलंय. २०१४ मध्ये तो गेला. मराठीत त्याचा वारसा सांगणारा बँड मला दिसत नाही. मोठी किंमत मोजली आपण, आणि आपल्याला ती मोजल्याचा पत्ताही नाही.

इकडे इंग्रजीत गाणारा 'रॉक मशीन' १९८४ मध्ये मुंबईत निघाला. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल.  या मुलांनी एक धाडस केलं. धोबीतलावच्या रंगभवनात, जिथे हजारोंचा जमाव परदेशी बँडची गाणी मागत ओरडत असे आणि नाही वाजवली तर काय हाताला लागेल ते फेकत असे, तिथे त्यांनी आपली गाणी लावून धरली. १९८८ मध्ये पहिला अल्बम, १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झाले, आणि १९९५ च्या अल्बममध्ये तबल्याचे बोल आणि इथली वळणं त्यांच्या गिटारांत मुरू लागली. एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्यांना मिळाला. आता हे जगभर जाणार असं वाटत असतानाच दूरचित्रवाहिन्यांनी हिंदी पॉपकडे तोंड वळवलं, आणि १९९७ मध्ये बँड मोडला. पुन्हा जमले, २०१२ मध्ये 'इव्हॉल्व' काढला. मला तो त्यांचा सर्वांत चांगला अल्बम वाटतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी केलेलं संगीत, उगाच आरडाओरडा नाही. पण तोवर ऐकणारे पांगले होते.

रंगभवनाचं काय झालं? १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथे गाजत होता. एका अंगाला कॉलेज, पलीकडे रुग्णालयं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्र ठरलं आणि ते उघडं नाट्यगृह मैफलींना बंद झालं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. रुग्णाच्या उशाशी ढोल वाजवू नये. पण बंद केलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी द्यायची असते, हे कुणाच्या मनातही आलं नाही. रात्री दहाची मर्यादा दशावतारालाही आली, तेव्हा किती कोकणी माणूस तळमळला! रंगभवनासाठी तळमळणारे थोडे, आणि ते इंग्रजी बोलणारे. म्हणून त्यांचं दुःख आपलं वाटलं नाही.

इथे एक आक्षेप येतो, मला पत्रांतूनही येतो: इंग्रजीत गाणाऱ्यांना मराठी माणसाने डोक्यावर का घ्यावं? घेऊ नये, मला मान्य आहे. पण मग कोकणीत गाणाऱ्या लॉर्नाला घाटावर का नाही घेतलं? मराठीत गाणाऱ्या नंदूला का नाही? भाषा हे कारण नंतर शोधलेलं आहे.

अपवादही सांगायला हवा. शिवोलीचा रेमो फर्नांडिस. जे. जे.त वास्तुशास्त्र शिकला, मुंबईच्या 'सॅव्हेजेस' बँडमधून वाजवलं, आणि गोव्याला परतला. कंपन्या दारात उभं करेनात, तेव्हा १९८४ मध्ये घरीच चार पट्ट्यांच्या यंत्रावर, बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवून 'गोवन क्रेझी' ध्वनिमुद्रित केला. कॅसेट छापल्या, स्कूटरला बांधल्या आणि दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. पुढे चित्रपट आले, पद्मश्री आली. म्हणून तो यशस्वी. पण एकट्या माणसाला स्कूटर पुरते. पाच जणांच्या बँडला, त्यांच्या ढोलांना आणि पाच संसारांना स्कूटर पुरत नाही. बँड ही गोष्ट मुळात सामूहिक आहे, तिला आश्रयही समूहाचाच लागतो.

आज परिस्थिती पालटली का? ध्वनिमुद्रण स्वस्त झालं, फोनवर जगाला ऐकवता येतं. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिपहॉप चमूने २०१९ मध्ये आरेच्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या बंडावर गाणं केलं. त्या गाण्यात तारप्याच्या मुलखाचा आवाज आहे, जंगल वाचवायची मागणी आहे, आणि ठोका आजचा आहे. असं काम होतंय. पण फोनवर पुष्कळ लोकांनी ऐकलं तरी वादकाच्या हातात थोडेच पैसे येतात. पैसे येतात ते माणसांसमोर वाजवल्यावर. म्हणजे पुन्हा रात्रीचाच प्रश्न.

म्हणून आंबोलीकरांना आणि खाली सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळच्या मंडळांना मला दोन कामं सांगायची आहेत. पहिलं घरातलं. तुमच्यापैकी अनेकांचे आजोबा-मामा मुंबईला होते, गोव्यात होते, कुणी ऑर्केस्ट्रात वाजवत होते. त्यांच्या कॅसेट, स्वरलिपीच्या वह्या, कार्यक्रमांची पत्रकं माळ्यावर पडली असतील. इथल्या पावसात कागदाला बुरशी लागायला एक हंगाम पुरतो. या उन्हाळ्यात ती खाली काढा, फोनवर छायाचित्रं घ्या, कॅसेट जवळच्या कुणा ध्वनिमुद्रणवाल्याकडून उतरवून घ्या, आणि कुणी काय वाजवलं ते नावानिशी लिहून ठेवा. दुसरं काम सार्वजनिक. गणेशोत्सवाच्या किंवा पर्यटन महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक रात्र अशी ठेवा की त्या रात्री येणाऱ्या बँडला चित्रपटाचं एकही गाणं वाजवायची परवानगी नसेल. मालवणीत गा, मराठीत, कोकणीत, हव्या त्या भाषेत, पण स्वतःचं. मानधन ठरवून द्या, आधी द्या. पहिल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहतील. दुसऱ्या वर्षीही त्याच तारखेला ती रात्र ठेवा.